गुणलं, तरी कमी कसं झालं?

सहावीच्या गणितात अपूर्णांकांवरच्या क्रियांचा धडा आला की आपल्या घराघरांत रात्री साधारण सारखाच प्रवेश रंगतो. कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या, तिसरीची वाट. बाबा एमआयडीसीतून नाहीतर दुकानातून आत्ताच आलेले, मोजेसुद्धा काढलेले नाहीत. पोरगं वही घेऊन ओट्याशी येतं, ‘‘आई, हे कसं करायचं?’’ आपण पिठाचा हात तसाच ठेवून वहीत डोकावतो आणि हायसं वाटतं. बेरीज असती तर लसावि आला, छेद सारखे करणं आलं. हा तर गुणाकार!

‘‘अरे सोप्पंय. वरचा गुणिले वरचा, खालचा गुणिले खालचा. कर पटापट, ताटं घ्यायचीत.’’

नियम बरोबरच असतो. दहाच्या दहा गणितं पाच-सात मिनिटांत उरकतात. आपण सुटलो, पोरगं सुटलं, उद्या मॅडमही बरोबरची खूण करणार. एखादं पोरगं मात्र वही मिटता मिटता थांबतं. ‘‘पण आई, पाऊण गुणिले अर्धा, तीन छेद आठ आले. हे तर पाऊणपेक्षा कमी आहे. गुणलं ना आपण? मग कमी कसं झालं?’’

आता खरं सांगा, आपण काय म्हणतो? ‘‘तसंच असतं ते. लिही.’’

सगळेच म्हणतो हो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दिवसभर उभं राहून पाय गेलेले असतात, सकाळचा डबा डोळ्यांपुढे असतो. आणि एक आतली गोष्टही असते, ती आपण कुणाला सांगत नाही. आपल्यालाही ते माहीत नसतं. आपणही ‘वर वर, खाली खाली’ करूनच दहावी झालो. कमी का होतं, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही. घरातल्या मोठ्या माणसाने पोरापुढे अडायचं नसतं, म्हणून आपण आवाज जरा चढवतो.

त्याच्या बाजूने बघू. दुसरीपासून आपणच त्याला शिकवलं की गुणाकार म्हणजे झटपट बेरीज. एका पुड्यात सहा बिस्किटं, पाच पुड्यांत किती? रोज दिवेलागणीला पाढे म्हणून घेतले. गुणलं की वाढतं, भागलं की कमी होतं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलंय. सहावीत ते एका रात्रीत खोटं पडतं आणि खोटं पडलंय असं कुणी सांगतही नाही. मग त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. ते खोडरबर घेतं आणि बरोबर आलेलं उत्तर खोडून टाकतं. अशी खोडलेली पानं आपल्या सगळ्यांच्या घरात असतील. वरवर बघितलं तर गिचमिड दिसते, म्हणून आपण अजून एकदा रागावतो. त्या गिचमिडीत पोराने विचार केलेला असतो.

मला काळजी वाटते ती न विचारणाऱ्या पोराची. ते वीसपैकी वीस आणतं, आपण ग्रुपवर फोटो टाकतो, आणि ते मनाशी ठरवून टाकतं की गणितात कळण्यासारखं काही नसतं, सांगतील तसं करायचं असतं. आठवी-नववीत बीजगणिताशी गाठ पडली की याचीच गाडी अडते. मग आपण क्लास शोधायला निघतो, हजारोंची फी भरतो आणि नातेवाइकांना सांगतो, ‘‘लहानपणी गणितात फार चांगला होता हो.’’

तर करायचं काय? फार काही नाही. दहातलं एक गणित निवडायचं आणि बाकीची नऊ त्याला नियमाने करू द्यायची. त्या एकावर मात्र दहा मिनिटं बसायचं. आणि बसल्यावर आधी उत्तर काढायचं नाही, नुसतं गप्पा मारल्यासारखं विचारायचं.

‘‘चार वेळा पाऊण म्हणजे किती?’’

‘‘तीन.’’

‘‘दोनदा पाऊण?’’

‘‘दीड.’’

‘‘एकदा?’’

‘‘पाऊणच की.’’

‘‘मग अर्ध्यांदा?’’

या शब्दाला पोरं हसतात. अर्ध्यांदा असं कुठे असतं का! पण हसता हसता त्यांच्या लक्षात येतं की आपण चारावरून दोनावर, दोनावरून एकावर उतरत आलो, तसं उत्तरही उतरत आलं. एकाच्या खाली पाय टाकला की उत्तर पाऊणच्या खाली जाणारच. पाऊणचं अर्धं. बस, एवढंच. कमी झालं ते चुकून झालं नाही, व्हायलाच हवं होतं. पोराच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच निम्मा उतरतो.

आता एक कोरा कागद घ्या. वहीतलं पान फाडलं तरी आज ओरडायचं नाही. हा कागद म्हणजे एक एकर शेत. आपल्याकडे शेत नसलं तरी रावेर-सावद्याकडून येणारे केळीचे ट्रक बघत मोठं झालेलं पोरगं आहे, त्याला वेगळं सांगावं लागत नाही. कागदाला उभ्या घड्या घालून चार पट्टे पाडायचे. तीन पट्ट्यांत पेन्सिलीने केळी लावायची, एक मोकळा सोडायचा. झालं पाऊण एकर. आता आडवी, बरोबर मधोमध एक घडी. केळीतल्या खालच्या अर्ध्यात टिश्यू कल्चरची रोपं आहेत असं समजा आणि तेवढ्यावर हिरवा रंग मारा. कागद उलगडा.

चौकोन किती? आठ. हिरवे किती? तीन.

इथे आपण बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, मला ठाऊक आहे. जीभ शिवशिवते. पण जरा थांबलं तर पोरगं आपणहून बोलतं: पट्टे चार होते, प्रत्येकाचे दोन झाले म्हणून खाली आठ. केळीचे पट्टे तीन, प्रत्येकातला एकच तुकडा घेतला म्हणून वर तीन. म्हणजे खालचा गुणिले खालचा, वरचा गुणिले वरचा! आपण ओट्याशी सांगितलेला तोच नियम, पण आता तो त्याचा स्वतःचा असतो.

तरी शंका उरली तर गुंठे मोजायला सांगा. एकराचे चाळीस गुंठे, पाऊण एकर म्हणजे तीस, त्याचं अर्धं पंधरा. चाळिसाचे आठ भाग केले तर एकेक पाच गुंठ्यांचा, आणि असे तीन म्हणजे पंधराच. दोन वाटांनी जाऊन एकाच बांधावर भेटल्याचा आनंद पोरांना भारी होतो. एक सांगते, शेताचं उदाहरण घ्या, पण वाटणीचं घेताना आजूबाजूला बघा. ‘‘आजोबांच्या शेतातला तिसरा हिस्सा आपला, त्यात दोघे भाऊ, तर एकाला किती?’’ गणित सुरेख आहे, उत्तर एक छेद सहा. पण काका शेजारच्या खोलीत असतील तर हे गणित रात्रभर चालतं. आणि पोराने सातबाऱ्याला अतिसंक्षिप्त रूप द्यायला घेतलं तर सांगा, तो अपूर्णांक नव्हे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, असे दोन नमुने आहेत ते.

घरात पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा-आजी असतील तर तुमच्यासारखं नशीबवान कुणी नाही. त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळं तोंडपाठ केलेलं आहे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आपल्याला अपूर्णांकांचा गुणाकार म्हणून जो धडा भीती घालतो, तो त्यांनी पाढे म्हणून घोकला. रुपयाचे सोळा आणे, शेराचे चार पावशेर, असा सगळा बाजार पाव-अर्ध्यावर चालायचा, त्यामुळे ते यावंच लागे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, मागोमाग किलो-ग्रॅम आले आणि हे पाढे शाळेतून हळूहळू निघून गेले. बाजारात मात्र पावशेर मिरची अजून मागतोच की आपण.

आजोबांना नुसतं विचारा, नऊला पावाने गुणलं तर? वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणतील, सव्वादोन. सात पाव? पावणेदोन. पोरगं कागदावर नऊ छेद चार लिहून, भागाकार करून तिथे पोचेपर्यंत आजोबा पुढच्या पानावर गेलेले असतात. धुळ्याकडच्या आजी असतील तर त्या अहिराणीतच निकाल लावतील, ‘‘अर्धाना अर्धा पाव, त्यामा काय शे?’’

उगाच सोनं करू नका मात्र. त्या पाढ्यांपायी त्यांनी छड्याही खाल्ल्यात, आणि का, हे त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. आजच्या पोराला औटकी पाठ करायला लावायची काही गरज नाही. ऐकू द्यावी, इतकंच. आजी-आजोबांपाशी मोठी चीज आहे ती वेगळीच. उत्तर साधारण केवढं येणार, हे त्यांना गणित सुरू व्हायच्या आधी दिसतं.

ते दिसणं कामाला येतं ते पूर्णांकयुक्त अपूर्णांकांत, कारण खरी गोची तिथे आहे. अडीच गुणिले दीड. पोरगं हुशारी करतं. दोन एके दोन, अर्ध्याचं अर्धं पाव, उत्तर सव्वादोन. किती छान दिसतं! बाबा सोफ्यावरून ओरडतात, ‘‘आधी अंशाधिक कर, कितीदा सांगायचं!’’ पोरगं निमूटपणे पाच छेद दोन, तीन छेद दोन करतं, पंधरा छेद चार काढतं. उत्तर बरोबर येतं, पण सव्वादोन कुठे चुकलं हे पोटात राहूनच जातं. आणि पुढच्या चाचणीत सव्वादोन परत येतं.

त्याऐवजी एवढं विचारून बघा, ‘‘अडीचच्या दीडपट, म्हणजे अडीच आणि वर आणखी काहीतरी, बरोबर? मग सव्वादोन कसं असेल?’’ इथे गुणाकाराने वाढायला हवं होतं आणि पोराचं उत्तर कमी झालंय. एकापेक्षा मोठ्याने गुणलं की वाढतं, लहानाने गुणलं की घटतं. दोन्ही बाजू एकाच आठवड्यात समोर आल्या की ते पक्कं बसतं.

मग चुकलेलं शोधायला घरापुढच्या ओट्यावर जा. खडूने अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद आयत आखा. लांबीत दोन मीटरवर एक रेघ, रुंदीत एक मीटरवर एक रेघ. चार खोल्या पडतात. मोठी खोली दोन बाय एक, दोन चौरस मीटरची. कोपऱ्यातली चिमुकली अर्धा बाय अर्धा, म्हणजे पाव. पोराने याच दोन धरल्या होत्या. उरलेल्या दोन खोल्या, एक दोन बाय अर्धा आणि दुसरी अर्धा बाय एक, हिशेबातून सुटल्या होत्या. त्या एक आणि अर्धा. सगळं मिळून दोन, एक, अर्धा, पाव: पावणेचार. एवढ्यात आतून आजोबांचा आवाज येतो, ‘‘अडीच दिडे पावणेचार.’’ त्यांनी खडूसुद्धा बघितलेला नसतो.

आता जरा आपल्या खान्देशाची फुशारकी. चाळीसगावजवळ पाटणादेवीला आपण सहलीला जातो, धबधबा बघतो, डबा खातो आणि परत येतो. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे, १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या राजाने त्या मठाला दान दिलं, असं त्यात कोरलंय. लेखाचा बराच भाग संस्कृत आहे, शेवटचा मजकूर जुन्या मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचं मूळ गाव कोणतं यावर विद्वान अजून भांडतात, ते त्यांना भांडू दे. पण त्यांचं गणित शिकवायचा मठ आपल्या खान्देशात होता, हे तर दगडावरच आहे.

त्यांची लीलावती ही गणिताची पोथी ११५० ची. म्हणजे पावणेनऊशे वर्षं झाली. तीत अपूर्णांकांच्या गुणाकाराचा नियम तोच आहे, अंशांचा गुणाकार वर, छेदांचा खाली. आणि उदाहरण काय दिलंय? एक भिकारी एका कंजूष माणसाकडे हात पसरतो. कंजूष त्याला देतो एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊण भागाच्या पाचव्या हिश्शाच्या सोळाव्या हिश्शाचा पाव! तर त्याने कवड्या किती दिल्या, सांग.

हे पोरांना वाचून दाखवा, हसून लोळतात. मग सोडवा. तेव्हाच्या हिशेबाने वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या १२८० कवड्या. अर्ध्याचे दोन तृतीयांश म्हणजे एक तृतीयांश, त्याचा पाऊण भाग म्हणजे एक चतुर्थांश. वरचे दोन-तीन खालच्या दोन-तीनशी कटले, बघा. द्रम्माचा पाव म्हणजे ३२० कवड्या. त्याचा पाचवा हिस्सा ६४, त्याचा सोळावा ४, त्याचा पाव १. एवढं सगळं करून एक कवडी टेकवली लेकाने!

मला त्यात गंमत वाटते ती दुसरीच. एवढं किचकट गणित घालताना भास्कराचार्य समोरच्याला ‘हुशार’ म्हणतात, ‘बाळा’ म्हणून हाक मारतात, आणि ही रीत तुला येत असेल तर सांग, असं म्हणतात. लीलावती त्यांची लेक होती, तिच्यासाठी पुस्तक लिहिलं, ही कथा खरी की खोटी देव जाणे. पण शिकवण्याची तऱ्हा घरातल्या माणसाची वाटते.

आपल्याला ती रात्री साडेआठला जमत नाही, कबूल. मग रविवारी बाजारात जमवू. चाळीस रुपये किलोची भरताची वांगी अडीच किलो घेतली तर पैसे किती, हे पोराला दुकानदाराच्या आधी सांगू द्या. थंडीत शेतावर भरीत पार्टी असते, तेव्हाही हाताशी घ्या. किलोभर वांग्यांना पाऊण वाटी शेंगदाणे घेत असू, तर अडीच किलोला किती? पंधरा छेद आठ वाट्या. ‘‘म्हणजे किती ग?’’ म्हणजे पावणेदोनपेक्षा जरा जास्त आणि दोनपेक्षा जरा कमी. आपण सरळ दोन वाट्या ओततो, हे पोराच्या नजरेतून सुटत नाही. ‘‘मग गणित कशाला केलं?’’ असं विचारलं तर रागावू नका, वाजवी प्रश्न आहे. तीनही नाही आणि एकही नाही, हे कळायला केलं.

एक व्यावहारिक गोष्ट. असं समजून करणारं पोरगं पुष्कळदा वहीत थेट उत्तर लिहितं आणि पायऱ्यांचे गुण घालवतं. तेव्हा ‘‘गुण गेले’’ म्हणून कपाळाला हात लावण्यापेक्षा सांगा, तुझ्या डोक्यात काय झालं ते बाईंना दिसत नाही, दोन ओळींत दाखव त्यांना. बहुतेक पोरं ऐकतात. आणि काटाकाटीवर लक्ष ठेवा. गुणाकारात वर-खाली काट मारायची चटक लागली की आठवड्याभराने तीच पोरं बेरजेतही काट मारत सुटतात. हे हमखास होतं, तेव्हा आधीच मनाची तयारी ठेवा.

भागाकार तर लागूनच आहे. तिथे उलटा प्रश्न येईल: भागलं, तरी वाढलं कसं? पाऊण भागिले पाव, उत्तर तीन! लगेच ‘उलटा करून गुण’ सांगायच्या आधी, पाऊण एकरात पाव-पाव एकराचे तुकडे किती पडतील, एवढं विचारून बघा. नवा कागद लागणार नाही, केळीचाच चालेल. त्याला चार पट्टे पाडलेले आहेतच.